सोळा हजार पाचशे फ्रेम आणि एक सही

नागपुरात बर्डीवर किंवा धरमपेठेत ॲनिमेशनचा क्लास लावला की सॉफ्टवेअर शिकवतात. रिग, म्हणजे पात्र हलवायचा सांगाडा, कसा बांधायचा, वॉक सायकल, म्हणजे चालण्याचं आवर्तन, कशी बसवायची, लाइट कसे लावायचे. आपण ज्या धंद्यात पाऊल टाकतोय तो कसा उभा आहे, पैसा कुठून निघतो आणि कुठे अडतो, कुठला कायदा कुठल्या वळणावर लागतो, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. त्यामुळे नागपुरात हात चांगला असलेली कितीतरी पोरं वर्षानुवर्षं ॲनिमेशनच्या सेकंदामागे ठरलेल्या दरावर काम करत राहतात, आणि काढलेलं चित्र कुणाच्या मालकीचं झालं याची त्यांना कल्पनाही नसते. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे. घरातल्या एका खोलीत पाच-सहा मशिनं मांडून काम घेणाऱ्या छोट्या युनिटसाठीही आहे.

सुरुवात एका भागापासून करू. टीव्हीसाठीचा मुलांच्या कार्टूनचा भाग बहुतेक वेळा ११ मिनिटांचा असतो. असे दोन जोडले की २२ मिनिटं होतात आणि जाहिराती, प्रोमो धरून अर्ध्या तासाचा स्लॉट भरतो. आठवड्याला एक या हिशेबाने वर्षाचे ५२ भाग, म्हणून करारात "५२ गुणिले ११" असं लिहिलेलं दिसतं. आपल्याकडे टीव्हीला सेकंदाला २५ फ्रेम. म्हणजे एका भागात ६६० सेकंद, १६,५०० फ्रेम.

हा भाग वाहिनीपासून ॲनिमेटरपर्यंत पोचतो तो पायऱ्या उतरत. वाहिनी किंवा ओटीटी एका मोठ्या स्टुडिओला काम देते. स्टुडिओ कथा, पात्रांची डिझाइनं, स्टोरीबोर्ड (शॉटवार काढलेली चित्रकथा) आणि ॲनिमॅटिक (तीच चित्रं आवाजासह वेळेवर बसवलेला कच्चा व्हिडिओ) स्वतःकडे ठेवतो आणि मधलं काम, म्हणजे मॉडेलिंग, रिगिंग, लेआउट, ॲनिमेशन, कधी लाइटिंग, दुसऱ्या शहरातल्या स्टुडिओला देतो. तो त्यातले काही सेकंद आपल्यासारख्या छोट्या युनिटकडे सरकवतो, आणि युनिटवाला दोन फ्रीलान्सर पकडतो. प्रत्येक पायरीवर भाडं, पगार आणि नफा कापला जातो. खाली येईस्तोवर दर निम्म्याहून खाली गेला तरी त्यात आश्चर्य नाही. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. वर राहतं ते प्री-प्रॉडक्शन, म्हणजे ही आधीची आखणी, कारण निर्णय तिथे होतात आणि हक्क तिथे जन्माला येतात. खाली येते ती मेहनत.

मुलांच्या वाहिनीचं बजेट मुळातच का आखडलेलं असतं तेही समजून घ्या. तिला उत्पन्नाचे दोन मार्ग: वर्गणी आणि जाहिरात. वर्गणीवर ट्राय या दूरसंचार नियामकाचे दर-नियम आहेत. वाहिनी पॅकमध्ये घालायची तर तिची सुटी किंमत महिन्याला १९ रुपयांच्या वर ठेवता येत नाही, आणि मुलांच्या वाहिन्या त्याच्याही बऱ्याच खाली असतात. जाहिरातीला तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे, त्यातली १० मिनिटं जाहिरातीची आणि २ वाहिनीच्या स्वतःच्या प्रचाराची. शिवाय खरेदी करणारा पालक, बघणारं मूल, त्यामुळे जाहिरातदार हात राखूनच पैसे देतो. तोच भाग वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा दाखवून वाहिनी खर्च भरून काढते. म्हणूनच तिला सगळे हक्क कायमचे हवे असतात.

आधी कामाचा हिशेब

दर ठरवताना बहुतेकांचं चुकतं ते रिटेकमध्ये, म्हणजे परत आलेले शॉट पुन्हा करण्यात. समजा एक ॲनिमेटर दिवसाला पास होण्याजोगे १० सेकंद देतो. ६६० सेकंदांना ६६ मनुष्यदिवस लागले, पाच जणांत साधारण १३ दिवस. आता ३० टक्के शॉट परत आले आणि प्रत्येकाला मूळ वेळेच्या निम्मा वेळ लागला, तर आणखी १० मनुष्यदिवस गेले. हे १० दिवस कोटेशनमध्ये नसतील तर ते तुमच्या खिशातून गेले. रिटेक दोन जातींचे असतात आणि करारात ते वेगळे लिहायलाच हवेत. पाय घसरतोय, हात अंगातून आरपार जातोय, ओठ शब्दांशी जुळत नाहीत, ही आपली चूक. ती फुकट दुरुस्त करायची. ॲनिमॅटिकमध्ये पात्र डावीकडून येत होतं आणि आता दिग्दर्शकाला ते उजवीकडून हवं आहे, हा बदल. त्याचे पैसे लागतात. "दोन फेऱ्या समाविष्ट, त्यापुढे प्रति सेकंद अमुक दर" एवढी एक ओळ असली तरी पुष्कळ भांडणं वाचतात. ॲनिमॅटिक पास झाल्याची मेल हातात आल्याशिवाय एकही की-फ्रेम (हालचालीतलं मुख्य चित्र) टाकू नका, कारण बदल कुठला आणि चूक कुठली हे ठरवायचं माप तेच आहे.

रेंडरिंग, म्हणजे मशीनकडून अंतिम फ्रेम काढून घेणं, आपल्याकडेच करायचं असेल तर नागपूरचा मे महिना हिशेबात धरावा लागतो. एका फ्रेमला सरासरी ६ मिनिटं धरली तर १६,५०० फ्रेमना १,६५० तास. सहा मशिनांवर २७५ तास, म्हणजे रात्रंदिवस चालवून साडेअकरा दिवस. पूर्ण भारावरचं एक मशीन ६०० वॅट ओढतं असं धरा. सहांचे झाले ३.६ किलोवॅट, दिवसाला ८६ युनिट, साडेअकरा दिवसांत हजाराच्या जवळपास. हे सगळे वॅट शेवटी उष्णता होऊनच खोलीत उतरतात. एक टन एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे नुसत्या मशिनांनाच एक टन लागला. वर स्लॅब तापलेला, बाहेर ४५ अंश. दोन टनांच्या खाली भागत नाही. पुष्कळ जण इथे काटकसर करून डेझर्ट कूलर लावतात. माणसाला तो बरा वाटतो, पण मशिनाला ओलसर हवा आणि तिच्यासोबत धूळ मिळते. ती धूळ हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, पात्यांत चिकटून थर धरते, ग्राफिक्स कार्ड तापतं, स्वतःचा वेग कमी करतं, आणि ६ मिनिटांची फ्रेम ९ मिनिटांवर जाते. वीज गेली तर काय, याचं उत्तर सोपं आहे: थेट व्हिडिओ फाइल कधीच रेंडर करू नका. सुट्या फ्रेमची मालिका काढा. रात्री ८,२१४व्या फ्रेमला वीज गेली तर सकाळी ८,२१४पासूनच पुढे चालू करता येतं.

चित्र कुणाचं?

समजा तुम्ही एक खारूताई काढलीत. नाव चिंगी, डोक्याला लाल रिबन, शेपूट संत्र्याच्या फोडीसारखी वळलेली. आता ही चिंगी कुणाची?

तुम्ही पगारी नोकर असाल आणि नोकरीच्या कामात ती काढली असेल, तर कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम १७प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, हक्काचा पहिला मालक तुम्हाला नोकरी देणाराच. तुम्ही फ्रीलान्सर असाल तर गोष्ट वेगळी. तुमचं डिझाइन, तुमची कथा, तुमचं संगीत तुमचंच राहतं, जोवर तुम्ही लेखी सही करून ते देत नाही. पण त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे आणि छोट्या स्टुडिओंना ती फार महागात पडते. कुणी मोबदला देऊन त्याच्या सांगण्यावरून चित्रपट करून घेतला, तर करारात उलट काही नसल्यास त्या चित्रपटाचा पहिला मालक तो पैसे देणारा. आणि कायद्याच्या व्याख्येत ॲनिमेशनही चित्रपटच. म्हणजे कागद न करता काम केलं तर भाग गिऱ्हाइकाचा होतो, आणि आतली चिंगी कुणाची यावर वाद शिल्लक राहतो. म्हणून चिंगी तुमची स्वतःची असेल तर काम सुरू होण्याआधी एक ओळ लिहून घ्यावी: पात्राचे मूळ हक्क निर्मात्या चित्रकाराकडे, गिऱ्हाइकाला फक्त इतक्या भागांसाठी, इतक्या वर्षांसाठी, इतक्या भाषांसाठी वापराचा परवाना.

हक्क देऊन टाकायचेच असतील तर कलम १९ नीट वाचा. कायदा तिथे निर्मात्याच्या बाजूने उभा आहे. हस्तांतरण लेखी हवं आणि त्यावर सही हवी. कुठलं काम, कुठले हक्क, किती काळ, कुठला प्रदेश, मोबदला किती, हे त्यात हवं. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि घेणाऱ्याने वर्षभरात तो हक्क वापरलाच नाही तर, करारात वेगळं म्हटलं नसल्यास, तो हक्क परत येतो. म्हणूनच मोठ्या कंपन्यांच्या करारात "कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात, आज असलेल्या व पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांसाठी" अशी लांबलचक ओळ असते आणि वर्षाच्या अटीला बगल देणारं एक वेगळं वाक्यही असतं. ते वाक्य शोधा. सगळं खोडून मागता येणार नाही, पण "खेळणी, पुस्तकं व इतर माल यातील निव्वळ उत्पन्नाचा अमुक टक्के वाटा" मागता येतो. पहिल्या करारात तो मागणं शक्य असतं, दुसऱ्या सीझनला नसतं.

बालगीतं करणाऱ्यांनी तर याकडे जास्तच लक्ष द्यायला हवं. "जुनंच गाणं आहे, सगळे म्हणतात" हे कोर्टात चालत नाही. साहित्याचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. बालकवी १९१८ साली गेले, त्यांच्या कवितांवर आज कुणाचा हक्क नाही. गदिमा १४ डिसेंबर १९७७ला गेले, त्यांच्या गीतांवरचा हक्क २०३७च्या अखेरपर्यंत आहे. शिवाय शब्द मोकळे झाले तरी कुणी लावलेली चाल आणि केलेलं ध्वनिमुद्रण वेगळं असतं, त्यांची मुदत वेगळी. नवं गीत लिहून घेत असाल तर २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा करारानेसुद्धा काढून घेता येत नाही. सिनेमागृहातलं प्रदर्शन सोडून बाकी वापरावर तो त्यांना राहतोच. एकदाच पैसे देऊन गंगेत घोडं न्हालं असं समजणारे निर्माते इथे फसतात.

आता चिंगीची बाहुली. कॉपीराइट कायद्याच्या कलम १५मध्ये एक आकडा आहे: ५०. डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी एखादी कलाकृती नोंदवली नाही आणि ती वस्तूवर चढवून कारखानी पद्धतीने ५०पेक्षा जास्त नग काढले, की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. नोंदणी करायची तर डिझाइन कायदा २००० म्हणतो की ते आधी लोकांसमोर आलेलं नसावं. म्हणजे दिवाळीच्या स्टॉलवर बाहुली विकून पाहायची, चालली तर नोंदवू, असं करता येत नाही. आधी अर्ज, मग स्टॉल. नोंदणी १० वर्षांची, पुढे ५ वर्षं वाढते. नाव आणि चेहरा ट्रेडमार्क म्हणून वेगळे नोंदवावे: करमणुकीला वर्ग ४१, खेळण्यांना २८, वह्या-पुस्तकांना १६, कपड्यांना २५. व्यक्ती किंवा लघुउद्योग असाल तर ऑनलाइन अर्जाला प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरण. चित्राची कॉपीराइट नोंदणी ५०० रुपयांत होते, पण तेच चित्र मालावर वापरायचं असेल तर २,००० रुपये आणि सोबत ट्रेडमार्क कार्यालयाचं शोध प्रमाणपत्र. पूर्ण चित्रपटाला ५,०००. नोंदणी केल्यानेच हक्क मिळतो असं नाही, हक्क काम होताक्षणी मिळतो. पण वादाच्या वेळी तारखेचा पुरावा लागतो. बाहुलीला १ जानेवारी २०२१पासून बीआयएस या मानक संस्थेचं आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, १४ वर्षांखालच्या मुलांच्या इतर खेळण्यांसारखंच. या बाबतीत नागपूरकर नशीबवान आहेत: बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था सिव्हिल लाइन्समध्येच आहे. तिथल्या कार्यशाळा वकिलांइतक्याच चित्रकारांच्या कामाच्या आहेत.

एक लहानसं पण नेहमी राहून जाणारं: फॉन्ट. शीर्षकात वापरलेल्या देवनागरी फॉन्टचा परवाना प्रसारणाला चालतो का ते पाहा. 'एक टाइप' या संस्थेचे 'बलू' (Baloo) आणि 'मुक्त' (Mukta) हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, बिनधास्त वापरा. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये सबटायटल टाइप केलीत तर पलीकडे नुसती अक्षरांची खिचडी पोचते.

पडदा बदलला की कायदा बदलतो

आपल्याकडे ॲनिमेशनसाठी असा एकच कायदा नाही. तुमचा भाग कुठल्या पडद्यावर दिसणार त्यावर नियम ठरतो, आणि खातीही वेगळी. सिनेमा, टीव्ही आणि ओटीटी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे. समाजमाध्यमांवरची मध्यस्थाची, म्हणजे प्लॅटफॉर्मची, जबाबदारी इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे. कॉपीराइट, ट्रेडमार्क, डिझाइन वाणिज्य मंत्रालयाकडे.

सिनेमागृहात दाखवायचं असेल तर सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ आणि सेन्सॉर बोर्ड. बोर्डाची नऊ प्रादेशिक कार्यालयं आहेत, त्यांत नागपूर नाही. आपलं काम मुंबईला जातं, अर्ज मात्र ई-सिनेप्रमाण पोर्टलवरून होतो. २०२३च्या दुरुस्तीनंतर यूएचे, म्हणजे पालकांच्या देखरेखीत पाहायच्या वर्गाचे, तीन भाग पडले: ७+, १३+ आणि १६+. हे आकडे पालकांना मार्गदर्शन म्हणून आहेत. दारावर अडवायचं ते 'ए'ला, म्हणजे फक्त प्रौढांसाठीच्या चित्रपटाला. पूर्वी प्रमाणपत्र १० वर्षांचं होतं, आता कायमचं. कार्टून आहे म्हणजे 'यू' (सर्वांसाठी) मिळणारच, हा समज चुकीचा. मारामारी, भीती, भाषा यांवरच ठरतं. ट्रेलरला वेगळं प्रमाणपत्र लागतं, डब केलेल्या आवृत्तीलाही वेगळं. मराठीत केलेला चित्रपट हिंदीत डब करायचा असेल तर दोनदा वेळ धरा. पूर्ण लांबीच्या चित्रपटाला कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कॅप्शन आणि कमी दिसणाऱ्यांसाठी वर्णनाचा ध्वनी देण्याच्या सूचना मार्च २०२४मध्ये निघाल्या आहेत. त्यामुळे मिक्सिंगच्या वेळीच तो ट्रॅक करून घ्यावा, नंतर स्टुडिओ पुन्हा भाड्याने घेणं महाग पडतं. निर्णय मान्य नसेल तर आधी पुनरीक्षण समिती. पूर्वी त्यावर अपील न्यायाधिकरण होतं, ते २०२१मध्ये बंद झालं. आता थेट उच्च न्यायालय.

टीव्हीला आधी प्रमाणपत्र घेण्याची भानगड नाही, पण केबल टीव्ही कायदा १९९५ आणि त्याच्या नियमांतली कार्यक्रम व जाहिरात संहिता आहे. मुलांच्या कार्यक्रमात असभ्य भाषा आणि उघड हिंसा नको. जाहिरातीत मुलांच्या सुरक्षिततेला धोका होईल असं काही नको. तक्रार आली की जबाबदार वाहिनी, पण वाहिनी करारातल्या हमीच्या कलमाचा आधार घेऊन भुर्दंड स्टुडिओवर टाकू शकते. त्या कलमात तुमची जबाबदारी "मिळालेल्या मोबदल्यापर्यंत" मर्यादित करून घ्या.

ओटीटीला फेब्रुवारी २०२१चे आयटी नियम. वयोगटाचं वर्गीकरण प्लॅटफॉर्म स्वतःच करतो: यू, यूए ७+, १३+, १६+, ए. १३+ आणि त्यावर पालकांसाठी लॉक, 'ए'ला वयाची खातरजमा. तक्रारीला तीन पायऱ्या, पहिलीत प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याने १५ दिवसांत उत्तर द्यायचं. आचारसंहिता पाळण्याची सक्ती सांगणाऱ्या नियम ९च्या दोन पोटनियमांना मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ला स्थगिती दिली होती. व्यवहारात मात्र प्लॅटफॉर्म वर्गीकरण करतात आणि तुमच्याकडून प्रत्येक भागाची टिपण मागतात: कुठल्या मिनिटाला भीतीदायक दृश्य, कुठे मार. ती स्टोरीबोर्डच्या टप्प्यावरच लिहून ठेवली तर शेवटी ५२ भाग पुन्हा बघायची वेळ येत नाही.

यूट्यूबवर मराठी बालगीतांचा चॅनेल काढणाऱ्यांना कायदा लागतो तो चक्क अमेरिकेचा. तिथे १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करण्याविरुद्ध कोप्पा हा १९९८चा कायदा आहे. त्याखाली २०१९मध्ये गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले, आणि जानेवारी २०२०पासून "मुलांसाठी बनवलेला" हा शिक्का प्रत्येक व्हिडिओला ठरवावा लागतो. शिक्का लागला की वैयक्तिक आवडीवर बेतलेल्या जाहिराती बंद, कमेंट बंद. उत्पन्न घटतं. म्हणून पुष्कळ जण शिक्का टाळतात. मग यूट्यूब स्वतः तो लावतं आणि चॅनेलवर कारवाईही होऊ शकते. बालगीतांच्या चॅनेलचं गणित मांडताना जाहिरातीचं उत्पन्न कमीच धरा. आपल्याकडच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्यात तर मूल म्हणजे १८ वर्षांखालचं. पालकांची खातरजमा केलेली संमती हवी, मुलांचा माग काढणं आणि त्यांना हेरून जाहिरात दाखवणं बंद. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. चिंगीचं ॲप काढायचा विचार असेल तर हे आधी वाचा.

चमकणाऱ्या प्रकाशाचा नियम मला सगळ्यांत जवळून दाखवावासा वाटतो, कारण त्यात कायदा थेट टाइमलाइनवर उतरतो. १६ डिसेंबर १९९७ला जपानमध्ये एका लोकप्रिय कार्टूनच्या भागात लाल-निळा प्रकाश वेगाने आलटूनपालटून चमकला आणि ६८५ प्रेक्षकांना, बहुतेक मुलांना, दवाखान्यात न्यावं लागलं. त्यानंतर जपानने नियम केले; ब्रिटनमध्ये ऑफकॉम या प्रसारण नियामकाचे आहेत, आणि तिकडे जाणारा प्रत्येक भाग फ्लॅश तपासणीतून जातो. नियम असा: पडद्याच्या चौथ्या भागाहून मोठ्या जागेत सेकंदाला तीनपेक्षा जास्त चमका चालत नाहीत. गडद लाल असेल तर आणखी कडक. आता वीज कडाडल्याचा शॉट घ्या. सवयीने आपण दोन फ्रेम पांढऱ्या, दोन काळ्या, पुन्हा दोन पांढऱ्या अशा टाकतो. चार फ्रेमचं एक आवर्तन, २५ भागिले ४, म्हणजे सेकंदाला सहाहून जास्त चमका. भाग नापास. दुरुस्ती अशी: एका चमकेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत किमान ९ फ्रेम ठेवा. किंवा पांढऱ्या-काळ्याऐवजी जवळजवळच्या दोन राखाडी छटा घ्या, म्हणजे उजेड-अंधारातला फरक कमी होतो. किंवा चमक खिडकीपुरती ठेवा, पूर्ण पडदा नको. स्फोट, जादूची कांडी, डिस्को लाइट, फटाके, सगळ्याला हेच. भारतात टीव्हीला ही तपासणी सक्तीची नसली तरी करावी. चिंगी बघणारं पोर आपल्या शेजारचंच असतं.

त्या पोराचा आवाजही घेतला जातो. कार्टूनला खऱ्या मुलांचे आवाज गोड लागतात, पण १४ वर्षांखालच्या कलाकारासाठी बालकामगार कायद्याखालचे २०१७चे नियम आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि मानधनाचे किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. "एका दुपारचं तर रेकॉर्डिंग आहे" म्हणून परवानगी टाळतात, आणि पुढे प्लॅटफॉर्म कागद मागतो तेव्हा आवाज दुसऱ्या कुणाकडून पुन्हा करून घ्यावा लागतो. ओठ मग जुळत नाहीत.

पैसा हातात येईपर्यंत

ॲनिमेशन सेवेला १८ टक्के जीएसटी, नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख. परदेशी गिऱ्हाईक असेल आणि पैसे परकीय चलनात येत असतील तर ती निर्यात. दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला हमीपत्र, म्हणजे एलयूटी, ऑनलाइन भरलं तर कर न लावता बिल करता येतं. बिलाच्या तारखेपासून वर्षभरात पैसे आले नाहीत तर कर व्याजासह अंगावर येतो. परकीय चलनाच्या २०१५च्या निर्यात नियमावलीत सॉफ्टवेअरच्या व्याख्येत ड्रॉइंग, डिझाइन, ऑडिओ-व्हिडिओ सिग्नल हेसुद्धा धरलेले आहेत. म्हणजे सर्व्हरवर चढवून पाठवलेलं तुमचं ॲनिमेशन त्यात बसतं, आणि त्याची नोंद सॉफ्टेक्स या निर्यात फॉर्मने एसटीपीआयकडे (सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया) करायची. एसटीपीआयचं केंद्र परसोडीच्या आयटी पार्कात आहे, मुंबईला जायची गरज नाही. बँकेच्या परकीय चलन विभागाला पहिल्या बिलाआधीच भेटा, कोणता कोड आणि कोणता कागद हवा ते तिथे कळतं. परदेशी निर्मात्याला भारतातल्या खर्चावर ४० टक्क्यांपर्यंत, कमाल ३० कोटींचं प्रोत्साहन मिळतं. ते तुम्हाला थेट मिळत नाही, पण त्या दाव्यासाठी त्याला तुमची बिलं नीट हवी असतात. राज्याने सप्टेंबर २०२५मध्ये ३,२६८ कोटींचं ॲनिमेशन-गेमिंग धोरण मंजूर केलं आहे. त्याचा फायदा घ्यायचा तरी आधी युनिट कागदावर उभं हवं.

तो कागद म्हणजे उद्यम नोंदणी, लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी होणारी नोंद. फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते. काम सुरू होण्याआधीच करा; नंतर केलेली नोंदणी जुन्या बिलांना लागू होत नाही, अशी हरकत समोरचा घेतो. नोंदणी असली की २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे देशी गिऱ्हाइकाला करारात काहीही लिहिलं असलं तरी ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. "वाहिनीकडून आम्हाला आले की तुम्हाला देऊ" हे मधल्या स्टुडिओचं वाक्य या कायद्यापुढे टिकत नाही. दाद मागायला याच कायद्याखालची सुकरता परिषद (फॅसिलिटेशन कौन्सिल) आहे, आपल्या विभागाची उद्योग सहसंचालकांकडे, सिव्हिल लाइन्समध्ये. परिषदेच्या निर्णयाविरुद्ध कोर्टात जायचं तर खरेदीदाराला आधी रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात, त्यामुळे पुष्कळदा नुसत्या अर्जानेच फोन यायला लागतात.

परिषदेपुढे शोरील, म्हणजे निवडक कामाचा व्हिडिओ, चालत नाही. खरेदी आदेश, बिलं, फाइल पाठवल्याची तारीख आणि काम पास झाल्याची मेल लागते. व्हॉट्सॲपवर आलेला अंगठा पुरावा म्हणून फार लंगडा पडतो. म्हणून शॉट पास झाला की त्याच दिवशी मेल टाका: भाग ०७, शॉट ०४२, आवृत्ती ३, ५ सेकंद १२ फ्रेम, आज मंजूर, कृपया दुजोरा द्यावा. उत्तरात "ओके" आलं की ती मेल त्या भागाच्या फोल्डरमध्ये, रेंडरच्या शेजारीच ठेवा.